चिनी सरळ तलवार घेताना आधी मुठीच्या आत बघा

भिंतीवर लावली तर आल्यागेल्यानं थांबून बघावी, आणि सकाळी बागेत ताई चीला नेली तर हातात नीट चालावी, अशी तलवार हवी असेल तर पुढचं वाचा. नुसती शोभेची हवी असेल तर एवढा खटाटोप नको. आवडेल ती उचला, फक्त ती कधी फिरवू नका.

माझा धंदा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे पोलाद तापवून झटकन गार करून कडक करण्याचा. यालाच पाणी देणं म्हणतात. आधी भोसरी एमआयडीसी, आता शांघाय. गिअर, शाफ्ट आणि स्प्रिंगांना पाणी देण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे तलवारीकडेही मी त्याच नजरेनं बघतो. दुकानदार म्यानावरचा ड्रॅगन दाखवत असतो, आणि मी विचारतो की मुठीच्या आत काय आहे.

या तलवारीला जिआन म्हणतात. आपल्या खांड्यासारखीच सरळ आणि दुधारी, पण अंगानं सडपातळ आणि टोकाला निमुळती. बाजारात ती ढोबळमानानं तीन तऱ्हांची मिळते. पहिली वुशू, म्हणजे चिनी युद्धकलेच्या खेळाच्या स्पर्धेची: पातं इतकं पातळ की झटका दिला की फडफडतं. स्पर्धेच्या नियमात प्रौढ पुरुषांसाठी किमान 600 ग्रॅम आणि बायकांसाठी 500 ग्रॅम वजन लागतं, आणि बनवणारे त्याच्या जेमतेम वर राहतात. दुसरी स्टेनलेसची, आरशासारखी चकचकीत, जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव मुठीची. ही पर्यटकांसाठी. तिसरी कार्बन किंवा स्प्रिंग स्टीलची, नीट पाणी दिलेली, खऱ्या वजनाची. आपल्याला ही तिसरी हवी.

ती कुठे शोधायची? झेजियांग प्रांतात लोंगछुआन नावाचं डोंगरातलं गाव आहे. वसंत-शरद काळातल्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ओऊ येझी या लोहारानं इथेच तलवारी घडवल्या अशी आख्यायिका आहे. तिथली तलवार घडवण्याची कला 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली. हिरव्या सेलाडॉन भांड्यांसाठीही गाव प्रसिद्ध आहे, त्यामुळे एका दुकानात फुलदाणी आणि शेजारच्यात तलवार. पण पेटीवर लोंगछुआन छापलं आहे एवढ्यावर पैसे देऊ नका. त्याच गावात हातानं घडवलेलीही मिळते आणि पत्र्यातून कापलेलीही. ढोबळ अंदाज सांगायचा तर दोन-चारशे युआनला मिळते ती भिंतीची. कामाची हजार ते तीन हजारात येते. त्याच्या वरचे पैसे बहुतेक वेळा लाकडाचे आणि नक्षीचे असतात.

आता मुठीच्या आतलं. पातं मुठीत शिरतं त्या भागाला मी शेपटी म्हणतो. चांगल्या तलवारीत ही शेपटी पात्याच्याच पोलादाची असते, रुंद असते, मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि तिथे ठोकून पसरवलेली किंवा नटानं आवळलेली असते. स्वस्त तलवारीत पातं दोन-तीन इंचांवर संपतं आणि पुढे एक आट्यांचा रॉड वेल्ड करून लावलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याशेजारचं पोलाद बिघडतं. कार्बन जास्त असेल तर तिथे ठिसूळ पट्टा तयार होतो, आणि नेमकी तिथेच प्रत्येक झटक्याला सगळ्यात जास्त ओढ बसते. एक दिवस पातं मुठीतून सुटून समोरच्या माणसाकडे जातं. म्हणून विकणाऱ्याकडे मूठ उघडलेला फोटो मागा. चांगला कारागीर तो आनंदानं देतो. ‘आमच्याकडे असा फोटो नसतो’ म्हटलं की तिथून निघा.

ठोकून बसवलेली मूठ परंपरेची, दिसायलाही देखणी. मी मात्र नटाचीच घेतो. लाकूड सुकलं की मूठ ढिली होते आणि नट घरी आवळता येतो.

पोलादाचं नाव विचाराच. 65एमएन सांगितलं तर मान डोलवा: सुमारे 0.65 टक्के कार्बन आणि 1 टक्क्याच्या आसपास मँगनीज असलेलं हे स्प्रिंग स्टील आहे. चूक पोटात घालतं, वाकलं तर परत येतं. टी10 हे टूल स्टील, कार्बन सुमारे 1 टक्का, धार सुंदर घेतं, पण पाणी देणाऱ्याचा हात बसलेला हवा. नंतर कडकपणा विचारा. सरावाच्या लांब पात्याला 48 ते 52 एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) पुष्कळ झालं. ‘पूर्ण पातं 60’ असं कुणी अभिमानानं सांगितलं तर समजा की एकतर तो थापा मारतोय किंवा ते पातं एक दिवस मोडणार.

घड्या घालून घडवलेलं, पाण्यावरच्या तरंगांसारखं नक्षीदार पातं सगळ्यांनाच भुरळ घालतं. मलाही घालतं. ते खरं असेल तर ती नक्षी पात्याच्या मधल्या उभ्या रेषेवरून धारेपर्यंत चढत-उतरत जाते आणि कुठेही तंतोतंत तशीच परत येत नाही. आम्लानं किंवा लेझरनं छापलेली नक्षी वॉलपेपरसारखी ठरावीक अंतरावर पुन्हा तीच दिसते आणि धारेपाशी एकदम थांबते. पण खऱ्या नक्षीतही धोका आहे. थर नीट जुळले नसतील तर मधे केसासारखी काळी चीर राहते. भिंग लावा, नखानं चाचपा. शोभा आणि काम दोन्ही हवं आणि पैसे मोजके असतील तर साधं एकसंध स्प्रिंग स्टीलचं पातं घ्या आणि हौस म्यान-मुठीवर भागवा.

दुकानात तलवार हातात आली की ट्यूबलाइटखाली जा. पातं डोळ्यापाशी धरून मुठीकडून टोकाकडे बघा. दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून सरळ घसरत गेलं पाहिजे. ते लाटा खात असेल तर घासणाऱ्यानं घाई केली आहे. मग जाडी बघा: मुठीपाशी 6-7 मिलिमीटर आणि टोकाशी त्याच्या निम्म्याच्या आसपास. मुठीपासून टोकापर्यंत एकच जाडी असेल तर ते पट्टीतून कापलेलं आहे आणि हातात लोढण्यासारखं वाटणार. बोटावर तोल धरून पाहा. परजेपासून, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या पट्टीपासून, 12 ते 15 सेंटिमीटर पुढे तोल सापडला तर मनगट तुम्हाला दुवा देईल. एकदा कानाजवळ हलवा. खुळखुळ आवाज आला की परत ठेवा. पातं वाकवून बघायचं असेल तर ते दुकानदाराला करू द्या, मोडलं तर त्याचं.

वजन विचारताना म्यानाशिवायचं विचारा. ऑनलाइन जाहिरातीत बहुधा म्यानासकट असतं, आणि शिसवी म्यान तलवारीइतकंच जड असू शकतं. नुसती तलवार 700 ते 900 ग्रॅम असावी. लांबी बघायची जुनी रीत सोपी आहे: डाव्या हातात मूठ उलटी धरून हात खाली सोडा, पातं हातामागून उभं वर येऊ द्या. टोक कानाच्या वरच्या कडेला पोचलं की ती तुमची.

दोन मोह टाळा. 1965 मध्ये हुबेई प्रांतातल्या एका थडग्यात प्राचीन युए राज्याचा राजा गौजिआन याची कांस्य तलवार सापडली, आज ती वुहानच्या संग्रहालयात आहे. तिच्या प्रतिकृती जागोजागी मिळतात आणि दिसतातही अप्रतिम, पण मूळ तलवारच जेमतेम 56 सेंटिमीटरची. ताई चीला तिचा उपयोग नाही. दुसरा मोह आठ पैलूंच्या पात्याच्या, जुन्या हान राजवटीच्या धाटणीच्या तलवारीचा. लांब मूठ, लांबलचक पातं, अंगात राजेशाही. 1957 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगानं बसवलेला ताई ची तलवारीचा 32 हालचालींचा सोपा संच शिकत असाल, बहुतेक नवशिके तोच शिकतात, तर तिच्यानं खांदे भरून येतील.

पात्यात पितळी सात ठिपके बसवलेले दिसले तर ते आपले सप्तर्षी. ठिपके उथळ असतील तर जरूर घ्या, आरपार भोकं पाडून भरलेले असतील तर जोराच्या सरावाला ती नको. गोंडा सुरुवातीला काढून ठेवा, नाहीतर तो मनगटाला वेढे घालतो. परज आणि मुठीचा शेवट पितळी असू दे. जस्ताचा मिश्रधातू नको, तो वजनाला फसवा आणि पडला की कोपरा तुटतो. म्यान उलटं धरलं तर तलवार आपोआप निसटता कामा नये.

धार लावून घेऊ नका. चीनमध्ये धार न लावलेलीच तलवार बहुतेक ठिकाणी विकतात, आणि सरावाला तीच योग्य. रेल्वेत आणि मेट्रोत ती नेऊ देत नाहीत, दुकानदाराकडूनच घरी मागवा. शांघायच्या बागांमधले आजी-आजोबा म्हणूनच बसमधून येताना दुमडून छोटी होणारी पत्र्याची तलवार आणतात.

भारतात आणायचा विचार असेल तर आधी थांबा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 10 प्रमाणे शस्त्र आयात करायला परवाना लागतो, आणि 2016 च्या नियमांतल्या यादीत तलवारीचं नाव स्पष्ट आहे. ‘शोभेची आहे हो’ हे कस्टमच्या टेबलावर सांगून भागत नाही. पोलिसांच्या परवाना शाखेत आधी लेखी विचारा, मगच पैसे भरा. इंग्लंडमधल्या मंडळींसाठी: तिथली 2008 ची बंदी 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्यांवर आहे, सरळ जिआन तीत येत नाही. पण सबळ कारणाशिवाय रस्त्यानं घेऊन फिरलात तर गुन्हाच.

पार्सल आलं की खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा, ट्यूबलाइटची परीक्षा पुन्हा घ्या, नट आवळा. पात्यावरचं जाड तेल पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. दमट हवेत तलवार महिनोन्‌महिने म्यानात कोंडून ठेवू नका, लाकूड ओल धरतं. आणि पहिल्यांदा फिरवाल तेव्हा मोकळ्या मैदानात, समोर आणि बाजूला कुणी नसताना. दहा मिनिटांनी थांबून परज पुन्हा हलवून बघा. ढिली झाली असेल तर तक्रारीची मुदत संपायच्या आत परत पाठवा.