तलाव बांधताना नुकसान कमी कसं ठेवायचं

भंडारा-गोंदियाकडे आधी जुना मालगुजारी तलाव (पूर्वीच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेला) दुरुस्त होतो का ते पाहा. नवी जमीन बुडवण्यापेक्षा गाळ काढणं केव्हाही बरं. नवा बांधायचाच असेल तर वरची 20-30 सेंटिमीटर सुपीक माती खरवडून शेतकऱ्यांना द्या. भरावाची माती बुडीत क्षेत्रातूनच घ्या, पण पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्यालगत खणू नका, तिथून पाझर फुटतो. काळी माती पाळीच्या गाभ्यात, बाहेरून मुरूम. उलटं केलं की उन्हाळ्यात पाळीला भेगा. पाणी भरण्याआधी परवानगी घेऊन झाडंझुडपं काढा, नाहीतर ती तळाशी कुजून मिथेन सुटतो. गाळ अडवायला वरच्या नाल्यांवर दगडी बांध पहिल्या पावसाआधीच हवेत. काठावर बेशरम हे फोफावणारं झुडूप दिसलं की मुळासकट उपटा. खालच्या नाल्यासाठी विमोचकातून (पाणी सोडायच्या दारातून) थोडं पाणी उन्हाळ्यातही सोडा.