परवाना मिळाल्यानंतरचे वर्ष : पुढचे प्रशिक्षण कसे आखावे

वाहन चालवण्याची परीक्षा बहुधा दिवसाउजेडी आणि परीक्षकाच्या देखरेखीखाली होते. रात्र, मुसळधार पाऊस, महामार्गावरचा वेग आणि मागच्या सीटवर गप्पा मारणारे मित्र यांच्याशी चालकाची गाठ पडते ती परवाना हाती आल्यावर, आणि तेव्हा शेजारी प्रशिक्षक नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ऑस्ट्रियाने २००३ पासून परवान्यानंतरचा प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा सक्तीचा केला आहे. स्वित्झर्लंडमध्ये नव्या चालकाला तीन वर्षांचा तात्पुरता परवाना मिळतो व पहिल्या वर्षात एक दिवसाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ब्रिटनमध्ये १९९५ साली सुरू झालेला ‘पास प्लस’ हा नव्या चालकांसाठीचा अभ्यासक्रम मात्र ऐच्छिक आहे.

माझ्या मते सक्ती असावी, पण काय शिकवले जाते यावर तिचे मोल ठरते. नॉर्वेने १९७९ साली निसरड्या रस्त्यावरचा सराव सक्तीचा केला, तेव्हा तरुण पुरुषांचे अशा रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले, कारण कौशल्यापेक्षा आत्मविश्वासच अधिक वाढला होता. म्हणून, आपल्याकडे कायदा काहीही सांगत असो, घसरती गाडी सावरण्याच्या कसरती शिकवणाऱ्या वर्गाला जाण्याआधी दोनदा विचार करावा.

पहिले दोन-तीन महिने एकट्याने गाडी चालवून झाल्यावर प्रशिक्षकाला बोलवावे. त्याआधी विचारण्यासारखे प्रश्नच मनात तयार झालेले नसतात. त्याला शेजारी बसवून नेहमीच्या रस्त्याने पाऊण तास गाडी चालवावी आणि धोका नसेल तोवर त्याने गप्प राहावे, असे आधीच ठरवून घ्यावे. आरसे किती वेळा पाहिले, वळणापूर्वी वेग कधी कमी केला, पुढच्या गाडीच्या किती जवळ गेलो, याची चर्चा गाडी थांबवूनच करावी आणि चुका लिहून ठेवाव्यात.

अंतराचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढा रस्ता संपलेला असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचताच मोजायला लागावे आणि आपण तिथे पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद, तर ओल्या रस्त्यावर चार सेकंद जावेत.

एबीएस (जोराने ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक एकदा तरी दाबून पाहावा, तोही प्रशिक्षकासोबत आणि वाहतुकीसाठी बंद असलेल्या सरळ, मोकळ्या जागेत. पायाखालचे पेडल थरथरते, आवाज येतो आणि घाबरून पाय उचलला जातो; खरे तर पाय तसाच घट्ट दाबून ठेवायचा असतो, म्हणजे गाडी वळवताही येते. रात्रीचा आणि पावसातला सराव प्रत्येकी एकदा प्रशिक्षकासोबत करावा, आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर नजर आपल्या बाजूच्या कडेच्या रेषेवर ठेवावी.

युरोपीय संघात बस व ट्रकच्या व्यावसायिक चालकांना दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. खासगी चालक मात्र एका परीक्षेवर पन्नास वर्षे काढू शकतो, हे जरा विचित्रच आहे. सहा महिन्यांनी त्याच रस्त्यावर, पण वेगळ्या प्रशिक्षकासोबत पुन्हा गाडी चालवावी आणि चुकांची पहिली यादी फेरी संपेपर्यंत त्याला दाखवू नये.