गाडी शिकताय? मग आधी दोन संध्याकाळ उभ्या गाडीत बसा

पुतणीचं लर्निंग लायसन्स आलं त्याच दिवशी ती किल्ली घेऊन दारात उभी, "काका चला, बेस्याकडे जाऊ." (बेसा म्हणजे आमच्या नागपूरकडचाच एक भाग.) मी म्हटलं जाऊ, पण आज नाही. दोन संध्याकाळ तिला घरासमोर उभ्या गाडीत नुसतं बसवलं. दुसऱ्या दिवशी ती चिडलीच, "काका, आपण नुसते बसूनच राहिलो आहो, चालवणार कधी?"

तिला तेव्हा कारण सांगितलं, तुम्हालाही सांगतो. बायकोला शिकवताना मी पहिल्याच दिवशी सरळ रस्त्यावर नेलं होतं, क्लच गिअर जमायला लागलं म्हणून खूश होतो, आणि तिसऱ्या दिवशी अचानक पाऊस आला, काचेवर पाणी, वायपरची दांडी कुठली ते तिला आठवेना म्हणून तिने खाली वाकून पाहिलं, दोनच सेकंद असतील, तेवढ्यात गाडीचं पुढचं चाक डिव्हायडरला घासलं. कोणाला काही झालं नाही. पण चूक माझी होती, ब्रेक-क्लच शिकवला आणि बाकीची गाडी शिकवलीच नाही. ताशी ४० ने गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद खाली पाहिलं तर २२ मीटर रस्ता आपण न बघता चाललो. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, नजर रस्त्यावर आणि बाकी सगळं हातापायांना न बघता सापडलं पाहिजे. हे उभ्या गाडीतच शिकता येतं.

पहिली संध्याकाळ : बसायचं कसं

सीटपासून सुरू करा. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाय एकदम सरळ होत असेल तर सीट पुढे घ्या. पाठ सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. नवीन लोक भीतीने पार स्टेअरिंगला चिकटून बसतात, तसं करू नका, एअरबॅग फार जोरात उघडते त्यामुळे छाती आणि स्टेअरिंगमधे निदान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा. उंची कमी असेल तर सीट वर घ्यायचा लिव्हर बऱ्याच गाड्यांत असतो, नसेल तर घट्ट बसणारी गादी चालेल पण घसरणारी उशी नको. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास आणा, मागून कोणी ठोकलं तर मान त्याच्याचमुळे वाचते.

मग आरसे. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसली पाहिजे. बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसू द्या, बाकी सगळा रस्ता. एवढं करूनही दोन्ही बाजूंना एक जागा राहतेच जिथली बाईक आरशात दिसत नाही, आणि आपल्या नागपुरात टू-व्हीलर डावीकडून पण येते, उजवीकडून पण येते. म्हणून वळायच्या आधी आरसा बघून झाला की मान वळवून एक झटकन नजर टाकायची. ही सवय उभ्या गाडीतच लावा, इंडिकेटर, आरसा, मान, दहा-वीस वेळा.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर यायला पाहिजे. मागे बसणाऱ्यांनीही लावायचा. मागचा माणूस बेल्टशिवाय असला तर जोरात ब्रेक लागल्यावर तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो, पुढच्याचाही जीव जाऊ शकतो. दंड १००० रुपये आहे पण दंडासाठी नका लावू, घरच्यांसाठी लावा. लहान लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर अजिबात नको, कितीही जवळ जायचं असो.

पायाखाली काय आहे

डावीकडून क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलेटर म्हणजे रेस. डावा पाय फक्त क्लचसाठी, उजवा पाय ब्रेक आणि रेस दोन्हीसाठी. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर ठेवा आणि तिथूनच पंजा रेसवर तिरपा करा. म्हणजे घाबरून पाय सरळ झाला तर ब्रेकवर पडेल, रेसवर नाही. घाबरल्यावर ब्रेक समजून रेस दाबून टाकणं ही नवख्या माणसाची सगळ्यात घातक चूक आहे, ऑटोमॅटिक गाडीत तर जास्तच, कारण तिथे क्लच नसतो आणि ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकायला लागते. ऑटोमॅटिकला डावा पाय वापरायचाच नाही, बाजूला ठेवून द्यायचा.

आता डोळे मिटा आणि कोणाला तरी शेजारी बसवून ओरडायला सांगा, "ब्रेक!" "क्लच!" "क्लच-ब्रेक!" गाडी बंद, हॅन्डब्रेक ओढलेला. पाय न चुकता गेला पाहिजे. पुतणीला पहिल्या संध्याकाळी हे जमलं नाही, दुसऱ्या संध्याकाळी जमलं.

आणि पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका. उन्हाळ्यात आपण सगळेच बाटली घेऊन निघतो, ती घरंगळत ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही. पायपोसही सरकणारा नको, आणि मागून सुटी चप्पल घालून चालवू नका.

दुसरी संध्याकाळ : हाताशी काय आहे

स्टेअरिंग घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजवी दांडी इंडिकेटर आणि हेडलाईटची, डावी वायपरची, काही युरोपियन कंपन्यांच्या गाड्यांत उलटं असतं, त्यामुळे दुसऱ्याची गाडी घेतली तर आधी हे बघा. परत डोळे मिटून: उजवा इंडिकेटर, डिप्पर (हेडलाईटचा झोत वर-खाली करायचा), वायपर फास्ट, काचेवर पाणी, हॉर्न, हॅझार्ड. हॅझार्ड लाईट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते, गाडी बंद पडली किंवा रस्त्यात अडचणीत उभी राहिली तर लावायचे असतात. चौकातून सरळ जायचंय म्हणून किंवा पावसात चालताना लावू नका, मागच्याला तुमचा इंडिकेटरच कळत नाही.

काचेवर आतून वाफ येते ती सगळ्यांना घाबरवते. कपड्याने पुसत बसू नका, एसी चालू करा, हवा पुढच्या काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा घ्यायचं बटण लावा, एसी हवेतला ओलावा काढतो म्हणून काच एक-दोन मिनिटांत साफ होते. हे बटणही आजच शोधून ठेवा.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर खूप दिवे लागतात, इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. लाल दिवा म्हणजे थांबा: ऑईल, टेम्परेचर, बॅटरी, ब्रेक. पिवळा म्हणजे चालेल पण लवकर मेकॅनिककडे दाखवा. हॅन्डब्रेक ओढलेला राहिला तरी लाल दिवा दिसतो, आधी तेच तपासा.

आता हलवायची

पहाटे सहा-साडेसहाला नवीन लेआऊटचे, म्हणजे नव्या वसाहतींचे, रस्ते रिकामे असतात, तिथे जा. गाडीला शिकाऊचा लाल 'एल' लावलेला पाहिजे आणि शेजारी लायसन्सवाला माणूस, कायद्याने पण आणि अकलेने पण. लर्निंग ६ महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते, हे ३० दिवस खरंच सरावाला वापरा.

क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रल बघा, गाडी सुरू करा. पहिला गिअर टाका, ब्रेकवर पाय असू द्या, हॅन्डब्रेक खाली. आता रेस न देता क्लच हळूहळू सोडा, एका जागी इंजिनचा आवाज बदलतो आणि गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं. हाच हाफ क्लच. तिथे पाय थांबवा, ब्रेक सोडा, गाडी स्वतःच मुंगीसारखी निघते. पहिला पूर्ण दिवस फक्त एवढंच करा, निघा, थांबा, निघा, थांबा, रेसला हात... म्हणजे पाय लावायचाच नाही. बंद पडली तर पडू द्या, शेजारच्याने ओरडायचं नाही. घरचे लोक शिकवताना ओरडतात आणि शिकणारीचा पाय आणखी थरथरतो, मी स्वतः ओरडलोय आणि मला त्याचं वाईट वाटतं. थांबताना आधी ब्रेक, गाडी अगदी हळू झाल्यावर क्लच. आधीच क्लच दाबून टाकला तर इंजिनचा आधार सुटतो.

चढावर, सेमिनरी हिल्सच्या रस्त्याला म्हणा किंवा फ्लायओव्हरच्या चढावर जाम लागल्यावर म्हणा, मागे सरकायची भीती असते. हॅन्डब्रेक ओढा, हाफ क्लचला या, थोडी रेस द्या, गाडी पुढे ओढतेय असं वाटलं की मगच हॅन्डब्रेक सोडा. रामटेकच्या गडावरून किंवा चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना ज्या गिअरमधे चढलात साधारण त्याच गिअरमधे उतरा, न्यूट्रलमधे कधीच नाही, सारखा ब्रेक दाबला की तो तापून धरेनासा होतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं.

आपल्या शहरात

गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे उभं राहताना तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. चालताना मोजायचं: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणा, त्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात दुप्पट. चौकातल्या गोलात आधीच फिरत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्या. जोरात ब्रेक मारायची वेळ आली आणि पायाखाली ब्रेक थरथरला तर ते एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, पाय उचलू नका, दाबूनच ठेवा आणि स्टेअरिंगने वाट काढा.

पावसाचं मला जरा जास्त सांगायचंय. नरेंद्रनगरच्या पुलाखाली किंवा लोहापुलाखाली पाणी साचलं की कोणीतरी घालतोच गाडी आणि त्याच्या मागे आपणही. पाण्याची खोली वरून कळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा घरासमोर उभ्या केलेल्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, इंजिनमधे पाणी गेलं असेल तर पुन्हा सुरू करण्यातच इंजिन फुटतं. उतरा, माणसं आधी बाहेर काढा, गाडी नंतर ओढून नेता येते.

आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. ४५ डिग्रीत उभ्या असलेल्या गाडीत लगेच काचा बंद करून एसी लावू नका, आधी समोरासमोरची दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, काचा खाली ठेवून थोडं चाला, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण लावा. लायटर, डिओ, पॉवरबँक डॅशबोर्डवर ठेवू नका. टायरमधे हवा किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, सकाळी टायर थंड असताना तेवढीच भरा. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवा असं सांगणारे पुष्कळ भेटतात, ते चूक आहे, कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि त्यानेच जास्त तापतो. टेम्परेचरचा काटा वर गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

समृद्धी महामार्गावर नवीन हाताने जाऊ नका. शिवमडक्याहून चढलं की रस्ता एकदम मोकळा, कारला १२० ची परवानगी आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं हे लक्षात ठेवा. सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे दर दोन तासांनी उतरून तोंड धुवायचं, झोप आली तर झोपायचं, गाणी लावून झोप जात नाही. रात्री समोरून कोणी फुल लाईट मारली तर त्या दिव्याकडे बघू नका, रस्त्याची डावी कड बघत वेग कमी करा, आणि आपला डिप्पर आधी खाली करा.

उतरताना

गाडी लावली की हॅन्डब्रेक, गिअर, मग किल्ली. चढाकडे तोंड असेल तर पहिल्या गिअरमधे, उताराकडे असेल तर रिव्हर्समधे ठेवा. दार डाव्या हाताने उघडा, कारण डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारी सायकल किंवा मोपेड दिसते. मुलांना पण दारापासून लांबच्या हाताने उघडायची हीच सवय लावा, आणि त्यांना शक्यतो फुटपाथच्या बाजूने उतरवा. शेवटी मागची सीट एकदा बघा, लेकरू झोपलेलं राहिलं नाही ना, उन्हात बंद गाडीत "दोनच मिनिटं" पण ठेवायचं नाही. मग कुलूप.