संदर्भ विभागात रुजू होताना: ऑनलाइन आहे, पण सापडत नाही

बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या घेऊन कॉलेज ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसणाऱ्यांचा सुरुवातीला एक गैरसमज होतो. टेबलापाशी फारसं कुणी फिरकत नाही, म्हणजे काम संपलं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात फक्त सोपं काम संपलंय. अमक्या कवीचं जन्मसाल, तमक्या जिल्ह्याची लोकसंख्या हे प्रश्न मोबाइलने नेले, ते परत येणार नाहीत. आता येतो तो मोबाइलवर तासभर डोकं आपटून झालेला वाचक. त्याच्यासमोर पुन्हा गूगल उघडून बसलात तर तो दुसऱ्यांदा येणार नाही.

म्हणून आधी विचारायचं ते हे: आतापर्यंत कुठे कुठे पाहिलंत आणि शोधताना नेमके कोणते शब्द टाकलेत? मग, हे कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय आणि इंग्रजीतलं चालेल का? ‘टिळकांवर काहीतरी हवंय’ असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा चरित्र नको असतं. दोन-तीन प्रश्नांनंतर कळतं की त्याला १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यातलं टिळकांचं ज्युरीपुढचं भाषण हवंय, तेही मूळ इंग्रजीतून. त्याच्यासमोर चरित्रांची चळत ठेवली असती तर ‘थँक यू सर’ म्हणून निघून गेला असता आणि आपण समाधानात राहिलो असतो.

मराठी सामग्री शोधताना मात्र अडचण वेगळीच असते. पुस्तक स्कॅन झालेलं असतं, सर्व्हरवर पडलेलं असतं, आणि तरी शोधात येत नाही. कारणं ठरलेली आहेत, ती पाठच करून ठेवा.

पहिलं कारण लेखनपद्धती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ असं छापलेलं असतं आणि तालिकाकाराने (ग्रंथालयाची सूची करणाऱ्याने) शीर्षकपृष्ठावर होतं तसं उतरवलेलं असतं, जे नियमाने बरोबरच आहे. तुम्ही ‘नाव’ टाकता, नोंद ‘नांव’ची. शिवाय ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’, ‘संत’ आणि ‘सन्त’ हे संगणकाच्या लेखी वेगवेगळे शब्द. दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. ‘ॲक्ट’चा पहिला स्वर तर तीन प्रकारे: एकच वर्ण म्हणून, अ आणि वर चंद्र असा जोडून, किंवा हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’. पडद्यावर कधी तिन्ही सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत. उपाय सोपा आहे. असा वर्ण असलेला शब्द टाळून शीर्षकातला दुसरा शब्द घ्या, किंवा कोहासारख्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या ओपॅकमध्ये (ऑनलाइन सूचीत) शब्दाचा सुरुवातीचा भाग टाकून पुढे तारांकन द्या.

तिसरं कारण रोमन लिपी. परदेशी ग्रंथालयांच्या तालिकांत मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुधा रोमनमध्ये असतात. ज्ञानेश्वरीचा ‘ज्ञ’ कुठे डी-एन-वायने लिहिलेला, कुठे जे-एनने, कुठे जी-वायने. शिवाय ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘श’साठी एस की एस-एच हा घोळ आहेच. एक शीर्षक निदान चार स्पेलिंगांनी शोधल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

चौथं कारण आपल्या घरचं. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत केलेल्या नोंदी नव्या प्रणालीत तशाच ओतल्या की ओपॅकवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे ते हमखास चुकतात. रूपांतर केलेल्या नोंदी ‘झालं एकदाचं’ म्हणून सोडून न देता दाखल नोंदवहीशी ताडून घ्या. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातल्या कित्येक मराठी प्रबंधांचीही हीच तऱ्हा. पीडीएफ वाचता येते, पण आतला शब्द शोधता येत नाही. शिवाय प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत चढवलेला असतो, त्यामुळे गूगलवरून आलेला माणूस थेट चौथ्या प्रकरणात उतरतो आणि प्रबंध कुणाचा हेच त्याला कळत नाही. त्याला शीर्षकाच्या पहिल्या फाइलवर न्यायचं.

इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे. त्यातली बरीच पुस्तकं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनिंगमधून तिथे गेली. त्या स्कॅनिंगमध्ये नोंदींची हेळसांड झालेली आहे: लेखकाच्या जागी ‘माहीत नाही’, शीर्षक अर्धवट, साल भलतंच. अनेक फायलींमागे मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) नाही, किंवा इंग्रजीचं ओसीआर चालवल्यामुळे मजकुराचा चुथडा झालेला आहे. पुस्तक सापडलं की शीर्षकपृष्ठ उघडून आवृत्ती पाहा, मधली पानं गळलेली नाहीत ना ते तपासा, आणि पृष्ठांक देताना पडद्यावरचा प्रतिमेचा आकडा न देता छापील आकडा द्या. या दोहोंत दहा-वीसचा फरक सहज पडतो आणि विद्यार्थ्याची तळटीप चुकते.

शीर्षकपृष्ठावर नुसता शके असेल तर ७८ मिळवा. मात्र जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं प्रकाशन असेल तर ७९. शके १८०५ म्हणजे १८८३ चा पाडवा ते १८८४ चा पाडवा. महिना कळत नसेल तर ‘१८८३-८४’ असंच लिहावं, अंदाजाने एक साल ठोकून देऊ नये.

छापील साधनं कपाटात गेली म्हणून निरुपयोगी झालेली नाहीत. १८०० ते १९५० मधलं मराठी पुस्तक खरोखर निघालं होतं का, हे ठरवायला आजही शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची उघडावी लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा (हे दाते वेगळे, य. रा.) महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. एवढी चार साधनं बोटांवर असली तरी तुम्ही इतरांच्या पुढे असाल.

ई-जर्नलचे प्रश्न निराळे. ‘कॉलेजात उघडतं, घरी उघडत नाही’ ही तक्रार रोज येते. कॉलेजात आयपी पत्त्यावरून प्रवेश मिळतो, घरी लॉगिन लागतं. एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नलं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं) खातं असूनही विद्यार्थी थेट प्रकाशकाच्या साइटवर जातो आणि तिथे पैसे मागितले की परत फिरतो. त्याला एन-लिस्टमध्ये लॉगिन करून तिथून प्रकाशकाकडे जायला शिकवा. जिथे संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय दिसतो तिथे आधी इन्फेड हा संस्थांच्या लॉगिनचा महासंघ आणि मग कॉलेजचं नाव निवडायचं. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (नियतकालिकांची देशव्यापी सामायिक वर्गणी) २०२५ पासून सुरू झालं खरं, पण ते केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. खासगी कॉलेजातल्या मुलांना ‘सगळं फुकट झालं’ असं सांगून बसू नका. लेख मिळतच नसेल तर लेखकाने स्वतः ठेवलेली मुक्त प्रत शोधा, डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत मागवा, किंवा विद्यार्थ्याला लेखकाला दोन ओळींची ईमेल करायला सांगा. बरेच प्राध्यापक आनंदाने पाठवतात.

आता एक नवं काम वाढलंय: अस्तित्वात नसलेले संदर्भ. चॅटबॉटकडून घेतलेली संदर्भसूची घेऊन विद्यार्थी येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, यातले पाच लेख मिळत नाहीयेत.’ लेखक खरा, नियतकालिक खरं, साल पटण्यासारखं, पण लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. तपासणीचा क्रम असा ठेवा. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर टाका. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) दिला असेल तर तो डीओआय डॉट ऑर्गवर उघडा. तो उघडत नाही, किंवा भलत्याच लेखावर जातो, ही मोठी खूण. मग नियतकालिकाच्या साइटवर त्या खंडाची, त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. त्याच पृष्ठांवर दुसराच लेख असेल तर प्रश्न मिटला.

मराठीच्या बाबतीत इथे घाई करू नका. ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ या नियतकालिकांच्या जुन्या अंकांतल्या लेखांना डीओआय नसतो आणि गूगल स्कॉलरला त्यांची धड दादही नसते. तिथे ऑनलाइन न मिळणं हा पुरावा नव्हे. बांधीव अंक काढून अनुक्रमणिका पाहायची आणि मगच बनावट म्हणायचं. विद्यार्थ्याला दोष देण्यातही अर्थ नाही, त्याला हाच क्रम समोर बसवून एकदा करून दाखवावा.

व्हॉट्सॲपवर सेवा द्यायची तर ग्रंथालयाचा स्वतंत्र नंबर आणि बिझनेस ॲप घ्या. खासगी नंबर एकदा वर्गाच्या ग्रुपवर गेला की रात्री साडेअकरालाही ‘सर, पीडीएफ?’ येतं. सेवेची वेळ आपोआप जाणाऱ्या संदेशात लिहा, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं साठवून ठेवा, आणि उत्तर पाठवताना साधनाचं नाव, पृष्ठ आणि पाहिल्याची तारीख यांशिवाय पाठवू नका. सबंध पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकायचं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. १९६५ साली वारलेल्या लेखकाची त्याच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झाली. मात्र त्यातली अलीकडे लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा नव्हेत.

प्रश्नांची नोंद ठेवायला साधी स्प्रेडशीट पुरते: तारीख, विचारलेला प्रश्न, खरा प्रश्न, वापरलेले शोधशब्द, कुठे पाहिलं आणि मिळालं नाही, उत्तर, लागलेला वेळ. वाचकाचं नाव नको, ‘एम.ए. इतिहास’ एवढं बास. ‘मिळालं नाही’चा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला की तीच चार ठिकाणं पुन्हा धुंडाळतात. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी हीच शीट कामाला येते, तेव्हा आयत्या वेळी जुने आकडे रचावे लागत नाहीत.

कॉलेजमध्ये ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.नंतर बहुधा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, नेटमध्ये विषयाचा कोड ५९. तयारी करताना ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आणि वर्गीकरण घोकण्याबरोबर दर आठवड्याला एक अवघड मराठी प्रश्न घ्या आणि शोध सुरुवातीपासून लिहून काढा. १८९० च्या सुमाराचं, लेखकाचं नाव नीट माहीत नसलेलं पुस्तक सरावाला उत्तम. ग्रंथसूचीत नोंद आहे का, कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे, स्कॅन पूर्ण आहे का, शकेचं साल काय येतं, इतकं कागदावर आलं की मुलाखतीत ‘संदर्भसेवा म्हणजे काय’ या प्रश्नाला व्याख्येऐवजी तो कागद पुढे करता येतो.