क्रेफिशचा माग काढायला शिकताना

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, लॉबस्टरसारखा कवच आणि नांग्या असलेला प्राणी. त्याचा माग काढायचं काम शिकायला येणारे आधी अँटेना आणि रिसीव्हरबद्दल विचारतात. मी उलट विचारते: तुमचा प्राणी कात कधी टाकतो? प्रौढ क्रेफिश साधारण वर्षातून एक-दोनदा कवच टाकतो आणि त्यावर चिकटवलेला रेडिओ टॅगही (सिग्नल पाठवणारा छोटा ट्रान्समीटर) त्याबरोबर जातो. म्हणून नवं कवच टणक झालं की टॅग लावायचा. पुढची कात येईपर्यंत सर्वांत जास्त काळ हाती लागतो. शेपटीखाली अंडी वागवणाऱ्या मादीला मात्र हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

पिट टॅगची गोष्ट वेगळी. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचेची कुपी शरीरात टोचतात. तिला बॅटरी लागत नाही आणि कात टाकली तरी ती आतच राहते. पण अँटेना अगदी जवळ असल्याशिवाय तिच्यातला ओळख क्रमांक वाचता येत नाही. प्राणी बंधारा ओलांडतो का, एवढंच पाहायचं तर ती उत्तम. रात्रभर कुठे फिरला हे हवं असेल, तर रेडिओ.

क्रेफिश निशाचर असतो. दिवसाच्या नोंदींवरून फक्त लपायची जागा कळते. सिग्नल एकाच दगडाखालून येत राहिला, तर तिथे क्रेफिश बसलेला असेल, मेलेला असेल किंवा नुसती कात पडलेली असेल. लगेच दगड उलटू नका, आधी रात्री पुन्हा ऐका. टॅग लावल्यानंतरचे पहिले काही दिवस मी हिशेबात धरत नाही. पकडल्यामुळे प्राणी बिथरलेला असतो.

युरोपात एक धोका आपण स्वतःच असतो. तिथल्या संकटग्रस्त व्हाइट-क्लॉड क्रेफिशला ‘क्रेफिश प्लेग’ होतो आणि अख्ख्या ओढ्यातले प्राणी मरू शकतात. रोगाचे बीजाणू ओल्या बुटांवरून, जाळ्यांवरूनही पोचतात. धुणं, निर्जंतुक करणं, पूर्ण वाळवणं यात सवलत नाही. जमलं तर प्रत्येक ओढ्यासाठी वेगळं सामान ठेवा. इंग्लंडमध्ये या प्राण्याला पकडायलाही परवाना लागतो, तेव्हा सुरुवात परवानाधारकाच्या हाताखालीच करा.

हा प्लेग पसरवणारा उत्तर अमेरिकी सिग्नल क्रेफिश ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात मत्स्यशेतीसाठी आणला गेला. त्यामुळे बंधाऱ्यांचा प्रश्न अवघड होतो. बंधारा काढला की माशांची वाट मोकळी होते, आणि खाली सिग्नल क्रेफिश असतील तर त्यांचीही. तो ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला हालचालींच्या नोंदी लागतात. सिग्नल क्रेफिश काठावरच्या ओल्या जमिनीवरून चालतही वर जाऊ शकतो, म्हणून फक्त पाण्यात अँटेना बसवून भागत नाही.