नदीच्या पातळीचा आकडा आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा आणावा

नदी धोक्याच्या पातळीवरून अर्धा मीटर वर वाहतेय, अशी बातमी येते. काठावरचा माणूस ती ऐकतो आणि दारात येऊन पाण्याकडे बघत उभा राहतो, कारण त्या अर्ध्या मीटरमध्ये त्याचं घर कुठं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली असते ती मोजपट्टी जिथं बसवली आहे त्या जागेपुरती. तिथून काही किलोमीटर खाली, नदीच्या वळणावर बसलेल्या वस्तीत गोठ्यात पाणी कधी शिरेल आणि बाहेर पडायचा रस्ता कधी बुडेल, हे तो आकडा सांगू शकत नाही. हे उत्तर गावानंच काढून ठेवायचं असतं. पाणी पात्रात असतानाच, चार-पाच जणांनी मनावर घेतलं तर आठवडाभरात होणारं काम आहे.

आधी पट्टीचा शून्य समजून घ्या

पट्टीवर ४ मीटर दिसले म्हणजे नदी ४ मीटर खोल, असं नव्हे. पट्टीचा शून्य ही सोयीसाठी धरलेली एक ठराविक उंची असते. ती तळाच्या वर असेल, खालीही असेल. काही ठिकाणी तर आकडा थेट समुद्रसपाटीपासूनचा असतो. म्हणून वरच्या गावातले ४ आणि खालच्या गावातले ४ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एका पट्टीचा आजचा आकडा त्याच पट्टीच्या कालच्या आकड्याशी ताडून बघायचा.

पातळीच्या आकड्याला जगण्याचा अर्थ देणं फार जुनं आहे. इजिप्तमध्ये, कैरोतल्या रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेल्या विहिरीसारख्या वास्तूत मधोमध खुणांचा दगडी खांब आहे. नाईलचं पाणी त्यावर किती चढलं यावरून त्या वर्षी पीक किती येणार आणि सारा किती बसणार याचा अंदाज घेत. तो खांब वाचणाऱ्याला पाण्याची उंची तर कळेच, शिवाय त्या उंचीला शेतात काय होणार हेही ठाऊक असे. आपल्याला नेमकं तेच जमवायचं आहे.

गावाची स्वतःची पट्टी बसवा

सरकारी पट्टी जवळ असेल तर तीच वापरा. लांब असेल तर परवानगी घेऊन स्वतःची रंगवा. जागा निवडताना एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ती पट्टी पूर आल्यावरही सुरक्षित उंचीवरून दिसली पाहिजे. आकडा बघायला कुणाला काठावर उतरावं लागत असेल, तर ती पट्टी एक दिवस जीव घेईल. पुलाच्या खांबाच्या तोंडावर पाणी आपटून फुगतं आणि मागच्या बाजूला खड्डा पडतो, म्हणून तिथलं वाचन फसवं असतं. संथ पाण्याची, पक्क्या दगडाची किंवा काँक्रीटची बाजू बघा.

एकच उंच खांब उभा करण्यापेक्षा काठाच्या चढावर पायऱ्यापायऱ्यांनी तीन-चार छोट्या पट्ट्या लावणं बरं. एकीचं वरचं टोक आणि दुसरीचं खालचं टोक थोडं एकमेकांवर येऊ द्या, म्हणजे मध्ये आकडा हरवत नाही. दर १० सेंटिमीटरला खूण आणि मीटरचे आकडे टॉर्चच्या उजेडात वाचता येतील एवढे ठसठशीत. ओंडके आदळून पट्टी वाहून जाणं नेहमीचंच, तेव्हा उंचावरच्या एखाद्या न हलणाऱ्या दगडावर छिन्नीनं एक खूण कोरा आणि ‘ही खूण म्हणजे पट्टीवरचे अमुक मीटर’ असं वहीत लिहून ठेवा. पट्टी गेली तरी शून्य हरवणार नाही.

लेव्हलची नळी घ्या आणि घराघराकडे निघा

साऱ्या कामाचा जीव या पायरीत आहे. गवंडी जोत्याची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, तीच लागेल. १५-२० मीटर लांब असली की पुरे. पाणी भरताना नळी सावकाश ओढत न्या आणि आतले बुडबुडे बोटानं टिचक्या मारून बाहेर काढा. एक जरी बुडबुडा मध्ये अडकला तरी दोन टोकांच्या पाण्यात फरक पडतो आणि पुढची सगळी मापं चुकतात. वाचताना दोन्ही टोकांवरचा अंगठा काढलेला हवा.

एक टोक कोरलेल्या खुणेशी, दुसरं पुढं पोचेल तिथल्या काठीपाशी धरायचं. पाणी स्थिर झालं की काठीवर रेघ मारायची आणि रेघेपासून जमिनीपर्यंतची उंची टेपनं मोजायची. मग तीच जागा नवी सुरुवात धरून मागचं टोक पुढं न्यायचं. चढ-उतारांची बेरीज-वजाबाकी करत तुम्ही मोरीपाशी, शाळेपाशी, एकेका उंबऱ्यापाशी पोचता. परतताना त्याच वाटेनं मोजत खुणेपर्यंत या. दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकात जुळलं तर माप बरोबर.

आता वहीत तक्ता तयार होतो. समजा, ४.२ मीटरला ओढ्यावरची मोरी बुडते, ४.९ ला पंपघर, ५.३ ला खालच्या आळीतले गोठे आणि ५.८ ला पहिलं घर. हा तक्ता बघून बहुतेकांना धक्का बसतो, कारण रस्ता घराच्या कितीतरी आधी जातो. उंबरा कोरडा दिसतोय म्हणून थांबलेला माणूस तोवर बेटावर अडकलेला असतो. म्हणून निघायची पातळी घरावरून ठरवू नका, गावाबाहेर नेणाऱ्या सगळ्यात खोलगट जागेवरून ठरवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वाहत्या नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो, खालच्या दिशेला उतरता असतो. पट्टीपासून जवळच्या घरांना हे माप लागू पडतं, पण फार वरच्या किंवा फार खालच्या वस्तीसाठी वेगळी पट्टी लावावी किंवा प्रत्यक्ष पुराच्या खुणा वापराव्यात.

जुन्या पुराच्या खुणा गोळा करा

भिंतीवरची गाळाची रेघ, देवळाच्या पायरीवरचा कोरीव आकडा, एखाद्या आजीनं “पाणी या कोनाड्याला लागलं होतं” म्हणून दाखवलेली जागा, सगळं वर्षासकट लिहून घ्या आणि त्याच नळीनं पट्टीच्या आकड्यात बदला.

या कामाला कुणी नाकं मुरडली तर जर्मनीतल्या आर नदीची गोष्ट सांगा. जुलै २०२१ मध्ये त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. तिच्या काठच्या आल्टेनार गावची मोजपट्टीच पुरात निकामी झाली. त्या पट्टीवर आधी नोंदलेला उच्चांक २०१६ सालचा, ३.७१ मीटर होता आणि लोकांच्या मनात ‘मोठा पूर’ म्हणजे तोच होता. पण त्याच खोऱ्यात १८०४ आणि १९१० मध्ये भयंकर पूर येऊन गेले होते. त्यांची माहिती जुन्या कागदपत्रांत होती, पट्टीच्या नोंदीत नव्हती. पट्टीची आठवण माणसाच्या आठवणीपेक्षाही तोकडी असू शकते.

पाणी कुठून येतं ते तपासा

मी एका पुरात सगळ्यांबरोबर नदीकडे तोंड करून उभा होतो. पाणी काठाच्या हातभर खाली होतं, आम्ही निर्धास्त होतो. तेवढ्यात मागच्या परसात बादल्या तरंगायला लागल्या. नदी फुगली की तिला मिळणाऱ्या ओढ्याचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं तुंबतं आणि वस्तीत पाठीमागून शिरतं. मोठ्या नदीच्या संगमापाशी छोट्या नदीचंही असंच होतं. इथं पावसाचा थेंब नाही आणि पाणी मात्र चढतंय, याचं कारण बहुधा हा फुगवटा असतो. म्हणून ओढ्यावर वेगळी छोटी पट्टी हवीच.

वरच्या पट्टीपासून आपल्यापर्यंत किती तास?

वरच्या गावातल्या पट्टीवर पाणी सर्वांत वर कधी पोचलं आणि आपल्याकडे कधी, या दोन वेळा दर पुराला लिहा. चार-पाच पुरांनंतर तुमच्या हातात मुदत येते. मोठ्या सपाट नदीला ही मुदत दिवसांची असते, डोंगराळ छोट्या नदीला तासांची, कधी त्याहूनही कमी. वर धरण असेल तर विसर्गाच्या सूचनेची वेळही नोंदवा. विसर्ग कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) सांगतात, कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला किती घनमीटर). १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एकक न बघता घाबरणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही महागात पडतं.

विसर्ग दुप्पट झाला म्हणून पातळी दुप्पट होत नाही. पात्राच्या आत पाणी भराभर चढतं, काठ ओलांडून शेतांत पसरलं की चढण्याचा वेग मंदावतो. याला लोक “पूर थांबला” समजतात. तो थांबलेला नसतो, तो आडवा पसरत असतो.

चढण्याचा वेग मोजा

पाणी गढूळ होऊन वाढू लागलं की दर तीन तासांनी वाचन, इशारा पातळीनंतर दर तासाला, मोरी जवळ आली की दर पंधरा मिनिटांनी. प्रत्येक नोंदीपुढं वेळ हवी. हिशेब सोपा आहे: मोरी ४.२ ला बुडते, आता ३.० आहे आणि तासाला २० सेंटिमीटर चढतंय, म्हणजे सहा तास. माझं स्पष्ट मत आहे की या उत्तराचे सरळ निम्मे करावेत. वर पाऊस वाढू शकतो, बांध फुटू शकतो आणि अंधारात सगळ्या कामांना दुप्पट वेळ लागतो. तीन तास आहेत असं धरूनच हाका मारायला सुरुवात करा.

वाचन दोघांनी मिळून करायचं, रात्री एकट्यानं नाही. आणि मध्यरात्री पाणी सर्वांत वर कुठवर गेलं हे पाहायला कुणीच जागं राहायची गरज नाही. त्यासाठी खाली भोकं पाडलेला एक उभा पाइप घ्या, आत एक लाकडी काठी उभी करा आणि तळाशी बुचाच्या लाकडाचा भुसा टाका. पाणी चढताना भुसा तरंगत वर येतो, उतरताना काठीला चिकटून राहतो. सकाळी काठी बाहेर काढली की रात्रीचा उच्चांक भुशाच्या रेघेनं लिहिलेला असतो. जगभरची जलमापन खाती ही युक्ती वापरतात.

निघताना

म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बाया आणि लेकरं इशारा पातळीलाच हलवा. जनावरं त्यांच्यासोबत निघाली तर उत्तम, नाहीच जमलं तर निदान दावी सोडा. बांधलेलं जनावर दाव्याला बुडतं, मोकळं उंचवटा शोधतं. पाणी घरात शिरायच्या आधी, हात आणि जमीन कोरडी असताना, विजेचा मेन स्विच बंद करा. बियाणं माळ्यावर, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंगावर.

वाहत्या पाण्यातून रस्ता काढू नका. १५ सेंटिमीटरचा जोरदार प्रवाह मोठ्या माणसाचे पाय काढतो, ३० सेंटिमीटर छोटी मोटार ढकलून नेऊ शकतो, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या जातात. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं आणि वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे का, हे वरून दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर

लगेच घरात शिरू नका. भिजून जड झालेल्या मातीच्या भिंती पाण्याचा आधार सुटल्यावर ढासळतात. लाकडांच्या ढिगात, गादीखाली साप असू शकतात, काठीनं आवाज करत पुढं व्हा. तारा आणि मीटर जाणकारानं तपासेपर्यंत वीज सुरू करू नका. पुराचं पाणी गेलेल्या विहिरीचा उपसा घाईघाईनं करू नका. भोवतालची जमीन पाण्यानं तुडुंब असताना आतलं पाणी झपकन काढलं तर कठडा आत कोसळू शकतो. थोडं थोडं उपसून, गाळ काढून, निर्जंतुक करून मगच वापरा आणि तोवर प्यायचं पाणी उसळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा.

आणि झाडलोट करण्याआधी भिंतींवरच्या गाळाच्या रेघा रंगानं पक्क्या करून त्यांची उंची मोजून घ्या. पहिल्या सरीबरोबर त्या पुसल्या जातात. तक्त्यात मोरी ४.२ ला बुडेल असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात ती ४.० लाच गेली असेल, तर जुना आकडा खोडून त्यापुढं तारीख घाला आणि नवा तक्ता शाळेच्या भिंतीवर त्याच आठवड्यात रंगवून घ्या.