कंपनीचा फोन हरवण्याआधी आणि हरवल्यावर: या चुका टाळा

कंपनीचे मोबाइल सांभाळणं हे माझं रोजचं काम. मध्यंतरी एका सहकाऱ्याचा फोन शुक्रवारी संध्याकाळी प्रवासात हरवला. बोलणी बसतील या भीतीने त्याने सोमवारपर्यंत तोंड उघडलं नाही. कळल्याबरोबर मी रिमोट वाइपची, म्हणजे फोनमधला सगळा डेटा दुरूनच पुसण्याची कमांड पाठवली, पण स्क्रीनवर दिवसभर 'पेंडिंग'च दिसत राहिलं. फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच ही कमांड त्याच्यापर्यंत पोहोचते. चोराने तो बंद केला किंवा एअरप्लेन मोडवर टाकला की आपण नुसतं बघत बसायचं. म्हणून हरवल्याचं तासाभरात कळवणाऱ्याला कधीही रागावू नका. माझ्या मते सुरक्षेचा पहिला नियम हाच असायला हवा.

आता सिम. फोनला लॉक आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की सगळे ओटीपी तिकडे येऊ लागतात. सेटिंगमध्ये जाऊन सिम पिन, म्हणजे सिमचाच वेगळा पासकोड लावा. तीनदा चुकीचा टाकला की सिम ब्लॉक होतं आणि मोबाइल सेवा कंपनीच्या पीयूके कोडशिवाय उघडत नाही. शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप, म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं अॅप वापरा. लॉक स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनमधला मजकूरही लपवा, नाहीतर टेबलावर पडलेल्या फोनवर ओटीपी कुणीही वाचू शकतं. आणि फोनच्या लॉकला चार आकडी पिन ठेवला असेल तर सहा आकडी करा: दहा हजार शक्यतांच्या थेट दहा लाख होतात.

वाय-फायच्या बाबतीत सर्रास दिसणारी चूक म्हणजे सगळ्या ऑफिसला एकच पासवर्ड. माणूस नोकरी सोडून जातो, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये तसाच राहतो. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतींमध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं, त्यामुळे गेलेल्याचं तेवढं बंद करता येतं. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळंच हवं. तसंच फोनमध्ये साठलेली जुनी, बिनपासवर्डची नेटवर्कं काढून टाका. त्याच नावाचं बनावट नेटवर्क कुणी जवळ सुरू केलं, तर फोन न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो. असं झाल्यावर सर्टिफिकेटची, म्हणजे समोरच्याची ओळख पटत नसल्याची सूचना आली, तर 'पुढे जा' दाबू नका, तिथेच थांबा.

नवा राउटर घेतला की काम झालं, हा समजही खोटा. 2017 मध्ये उघड झालेल्या 'क्रॅक' (KRACK) नावाच्या हल्ल्यात डब्ल्यूपीए२ च्या जोडणीतलाच दोष सापडला होता. तो बुजवायला मुख्यतः फोन आणि लॅपटॉप अपडेट करावे लागले. ज्या फोनना ते बनवणाऱ्या कंपनीकडून सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय, ते कामातून काढाच, कितीही चांगले चालत असले तरी.

स्वतःच्या फोनवर ऑफिसचं काम करत असाल, तर अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या अॅप आणि डेटाचा वेगळा कप्पा लावून घ्या. मग वेळ आली तर ऑफिसचा भाग तेवढा पुसला जातो, घरचे फोटो राहतात. लोकांना ही खात्री दिली की तेही फोन हरवल्याची तक्रार लवकर करतात.

फोन गेलाच, तर आधी सर्व्हरवरून त्याची सगळी लॉगिन बंद करा, मग सिम बंद करा आणि वाइप शेवटी. कारण अँड्रॉइड फोन एकदा पुसला की त्याचं ठिकाण नकाशावर पाहता येत नाही.